बिराजदार अण्णांचा वळसा

बिराजदार अण्णा "हितं तर हाय" म्हणाले, की पाण्याची दुसरी बाटली सोबत घ्यावी, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. माझी साखर काठावर आली आहे असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, मी बँकेतून तोंड पाडून घरी येत होते, आणि आमच्या कॉलनीतले हे निवृत्त क्रीडाशिक्षक गेटपाशी उभे राहून म्हणत होते, "म्याडम, रविवारी चला की आमच्यासंगट. थोडंसंच पळायचं. हितं तर हाय."

ते 'हितं' सोलापूर सोडून, मंद्रूप ओलांडून, आत वळल्यावर लागणाऱ्या कल्लगावात निघालं. अण्णांचं ते जन्मगाव. मारुतीच्या देवळापाशी आम्ही गाड्या लावल्या. अण्णांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही पळायला लागलो. कुठपर्यंत, असं मी विचारलं. "नदीपत्तोर. हितं तर हाय." पुढे वनखात्याचं वन लागलं, ते संपलं. माळ लागला, तोही संपला. एक पडकं देऊळ आलं, मग एक दगडी बारव आली. भीमा नदी दिसली तेव्हा मी पळत नव्हते, चालतही नव्हते. एका बाभळीला धरून उभी होते आणि माझ्या मुलांना कोण सांभाळेल याचा विचार करत होते.

आमच्यातला विनय येमूल हा संगणकवाला तरुण. त्याच्या मनगटावर सगळं काही मोजणारं घड्याळ असतं. त्याने ते अण्णांपुढे धरलं. अण्णांनी सांगितलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त अंतर झालं होतं.

अण्णांनी घड्याळ नीट निरखून पाहिलं. "पुन्यात घेतलं का?"

"हो."

"मग बरोबर हाय. तितलं किलोमीटर ल्हान आसतंय."

अण्णा बुटके, सावळे आणि ताठ होते. मिशा पांढऱ्या, पण कडक. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, जे दर शनिवारी संध्याकाळी ओल्या खडूने रंगवून व्हरांड्यात वाळत ठेवलेले असत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तो पँटमध्ये खोचलेला, आणि पँट मोज्यात खोचलेली. गळ्यात काळ्या गोफात शिट्टी. ही शिट्टी निवृत्तीच्या दिवशी शाळेत जमा करायची राहून गेली आणि मग ती त्यांच्या अंगाचा भागच झाली. पुतणीच्या लग्नात जेवणाच्या टेबलापाशी चेंगराचेंगरी झाली तेव्हा सुटाबुटातल्या अण्णांनी आतून शिट्टी काढून फुंकली. वरपक्षासकट सगळे रांगेत उभे राहिले. महादेवीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हा प्रसंग अजूनही डोक्याला हात लावून सांगतात, पण त्या दिवशी सगळ्यांना गुलाबजाम मिळाले हेही सांगतात.

आमच्या मंडळींना त्यांनी 'धावपळ मंडळ' असं नाव दिलं होतं. पळण्याविषयी त्यांचं शास्त्र स्वतंत्र होतं. "पळनं म्हंजे काय? पडता पडता वाचनं. आपन फकस्त वाचायचं ध्यान ठिवायचं." दम लागला तर थांबायला त्यांची ना नव्हती, पण बसलेलं त्यांना खपत नसे. दगडावर टेकलेला माणूस दिसला की ते शिट्टी वाजवत अंगावर येत. ते स्वतः मात्र सगळ्यात मागे असत, कारण वाटेत भेटेल त्याच्याशी त्यांचं बोलणं असे. गुराख्याशी मराठीत, पलीकडच्या काठावरून आलेल्या मासेवाल्याशी कन्नडमध्ये, आणि कुत्री अंगावर आली तर मास्तरांच्या भाषेत. "ए, सावधान," म्हटलं की कल्लगावची कुत्री खरोखर थांबत. कधीकाळी तीही त्यांच्या शाळेत असावीत असं विनय म्हणे.

पण या वाटेचा कळस म्हणजे पडक्या देवळापाशी होणारं त्यांचं भाषण.

ते देऊळ एका टेकाडावर आहे. शिखर नाही, अर्धा मंडप बसलेला, दारात मान उडालेला नंदी, आणि आजूबाजूच्या निवडुंगात कलते पडलेले वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. तिथे पोचल्यावर अण्णा एक लांब शिट्टी मारत, आम्हाला अर्धवर्तुळात उभं करत आणि एकदम शुद्ध भाषेत शिरत.

"मित्रहो, हे देवालय अत्यंत पुरातन आहे."

"किती पुरातन, अण्णा?"

"लई."

पुढचा इतिहास दर रविवारी बदलत असे. एका रविवारी हे देऊळ चालुक्यांनी बांधलं, दुसऱ्या रविवारी यादवांनी, आणि थंडी फार असली की पांडवांनी. विनयने एकदा अडवलं. "अण्णा, मागच्या रविवारी तर चालुक्य होते."

"त्यांनी चालू केलं. सरकारी काम हाय ते. पुरं व्हायला येळ लागतोय."

वीरगळाचा अर्थ तर त्यांनी क्रीडाशिक्षकाच्या नजरेनेच लावला होता. त्या दगडावर खाली लढाई कोरलेली असते, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. अण्णा काठीने एकेक पट्टी दाखवत. "खाली शर्यत. मधी निकाल. वर बक्षीससमारंभ. आन् टाच बघा त्याची. कशी उचललीय. म्याडम, तुमची टाच आशी उचलत न्हाय."

हे भाषण फार लांबे. घाम वाळून थंडी वाजायला लागे, तरी चालुक्य संपत नसत. मी एका रविवारी कंटाळून मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की देवळाविषयी एवढं बोलणारा हा माणूस देवळाकडे पाठ करून बोलतो. त्यांची नजर आमच्या डोक्यावरून खाली शेतांकडे असे. खाली, ज्वारीच्या पट्ट्यापलीकडे, पत्र्याचं छप्पर असलेली एक वस्ती होती. अंगणात लिंब, लिंबाखाली बाज, बाजेशेजारी एक पिवळं कुत्रं. अण्णांची शिट्टी झाली की ते कुत्रं उठून टेकाडाकडे तोंड करून भुंके. मग घरातून किंवा बाजेवरून एक म्हातारी बाई मान वर करी, डोळ्यांवर हात धरी आणि आमच्या दिशेने बघत राही. ती दिसेपर्यंत चालुक्य चालू असत. ती दिसली, घटकाभर तिने पाहिलं, की अण्णा म्हणत, "आसो. चला आता, आंग थंड पडायलंय."

घरी आल्यावर मी महादेवीकाकूंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांनी सांगितलं, की ती अण्णांची आई. सगळे तिला अव्वा म्हणतात. ती धाकट्या मुलाकडे, मलकप्पाकडे, शेतातल्या वस्तीवर राहते. आणि अण्णा व मलकप्पा बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

भांडण दगडावरून होतं. वडील गेल्यावर जमीन दोघांत वाटली गेली आणि मधल्या बांधाच्या टोकाला हद्दीचा एक दगड रोवला गेला. एका पावसाळ्यानंतर तो दगड हातभर सरकलेला दिसला. अण्णा म्हणाले, मलकप्पाने सरकवला. मलकप्पा म्हणाला, अण्णाने सरकवला. नांगर लागला असेल, पाण्याने जागा सोडली असेल, असं बाकी गाव म्हणालं, पण गावाचं कोण ऐकतो. हातभर जागा. तिथे फार तर मेथीची एक ओळ बसली असती. चावडीपुढे चार लोकांत अण्णांनी पायातला बूट दाखवून सांगितलं, "आजपासनं तुज्या शेताला ह्यो बूट लागायचा न्हाय." आणि लागला नाही.

"आणि अव्वा?" मी विचारलं.

"आधी ती गावात यायची, मारुतीपाशी भेटायची दोघं. आता गुडघ्यानं हलत न्हाय. फोनवर बोलावं तर ऐकू येत न्हाय तिला, जवळ तोंड न्यावं लागतंय." काकूंनी भाकरी उलटली. "मी जाते की वर्षातनं चारदा. ह्यास्नी म्हटलं, चला. तर म्हणतात, शब्द म्हंजे शब्द. आई एवढी थकली आन् ह्यांचा शब्द अजून तरणाच."

मग मला तो सगळा रस्ता उलगडला. गावातून नदीकडे जाणारी सरळ गाडीवाट मलकप्पाच्या अंगणातून, लिंबाखालून जाते. ती खरोखर हितं तर आहे. ती टाळायची म्हणून अण्णांनी वन धरलं, माळ धरला, टेकाड धरलं. सोलापुरातली शहाणीसुरती माणसं ज्या वाटेचे फोटो काढून कौतुक करत होती, ती वाट म्हणजे दोन भावांचं भांडण होतं, आणि आम्ही दर रविवारी ते पळून काढत होतो. मला हसू आलं आणि रागही आला. बाई तिथे बाजेवर बसून मुलाची वाट बघते, आणि हा टेकाडावरून तिला यादव ऐकवतो.

बोलायची मात्र माझी छाती नव्हती. त्या शिट्टीपुढे कुणाचीच नव्हती.

मंडळात माणसं वाढली तसा वाटेवर खुणा करायचा प्रश्न आला. नवी माणसं वनात चुकत. एक जोडपं तर थेट पलीकडच्या गावी निघालं आणि तिथे चहापोहे घेऊन दुपारी बसने परतलं. अण्णांनी शाळेतल्या सवयीने फक्की काढली. कबड्डीचं मैदान आखतात ती चुन्याची पूड. एका शनिवारी त्यांनी वनापासून नदीपर्यंत सगळीकडे पांढरे बाण मारले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर गावात गर्दी. बाण बघून गावकऱ्यांनी ओळखलं होतं, की मोठा रस्ता येतोय. अलीकडे आमच्या भागात चुन्याची रेघ दिसली की लोकांना रस्ताच दिसतो, आणि रस्ता दिसला की मोबदला दिसतो. ज्यांच्या जमिनीजवळून बाण गेले होते त्यांनी रातोरात आंब्याची रोपं लावली होती, कारण झाडांचे पैसे वेगळे मिळतात. एकाने पत्र्याची शेड उभी करायला घेतली होती. ज्यांच्या जमिनीपासून बाण लांब होते ते जास्त चिडले होते. त्यातल्या एका आजोबांनी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, एक बाण आमच्याकडं वळतोय का बघा की. तुमचाच इद्यार्थी हाय माझा नातू."

अण्णांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना सांगितलं, की रस्ता नाही, माणसं पळणार आहेत. कुणाचाच विश्वास बसला नाही. एवढा चुना खर्च करून माणसं नुसती पळतील, हे कुणालाही पटण्यासारखं नव्हतं. ती आंब्याची रोपं मात्र जगली. एवढा फायदा गावाला झालाच.

"फक्की बंद," अण्णांनी परतताना गाडीत जाहीर केलं. "आता भंडारा. भंडारा बघितला की मानूस हात जोडतो, मोबदला मागत न्हाय."

मंद्रूपच्या बाजारातून त्यांनी पिवळाधमक भंडारा आणला, देवावर उधळतात ती हळदीची पूड. तो पाण्यात कालवून वळणावळणाच्या दगडांवर बोटांनी बाण काढले. दिसायला छान दिसत होतं. बारवेपुढे जिथे वाट नदीकडे वळते, तिथे मलकप्पाचा बांध येऊन टेकतो. नवी माणसं चुकून त्या बांधावरून सरळ आत घुसत. ते अण्णांना सहन होत नव्हतं. आपल्या मंडळाने त्याच्या शेतात जायचं म्हणजे आपणच गेल्यासारखं. म्हणून बांधाच्या टोकाला जो दगड उभा होता त्याच्यावर त्यांनी, स्वतःच्या बाजूला उभं राहून, वाकून, ठसठशीत पिवळी फुली मारली. इकडून जायचं नाही. भंडारा उरला होता तो वाया जाऊ नये म्हणून दगडाला चोपडूनही टाकला.

तो दगड म्हणजे तोच. भांडणाचा.

ज्वारी काढून झाली होती. रानं मोकळी पडली की आमच्याकडे धनगर मेंढरं घेऊन येतात आणि शेतकरी त्यांना आपल्या शेतात बसवून घेतात, कारण मेंढरं बसली की शेताला खत मिळतं. मलकप्पाच्या शेतात दरवर्षी म्हाळाप्पाचा कळप बसे. त्या वर्षी म्हाळाप्पा आला, त्याने वाघूर बांधली, म्हणजे मेंढरांभोवती जाळी लावली, आणि सकाळी त्याला बांधाच्या टोकाला भंडाऱ्याने माखलेला दगड दिसला. गेल्या वर्षी नुसता दगड होता. म्हाळाप्पाने पायातलं काढलं आणि धनगरांच्या देवाला, बिरोबाला, हात जोडले.

आम्ही पुढच्या रविवारी बारवेपाशी पोचलो तेव्हा फुली दिसत नव्हती. तिच्यावर भंडाऱ्याचे नवे थर चढले होते. पुढे नारळाची भकलं, उदबत्त्या, वर घोंगडीच्या चिंधीचं छत. भोवती शेणाने सारवलेलं. नुकतंच पळायला लागलेल्या एका बाईंनी तर बूट काढून प्रदक्षिणाही घातली.

अण्णा सगळ्यांच्या मागून आले आणि थबकले. पुढे म्हाळाप्पा बसला होता, आणि बांधाच्या पलीकडे, हाताची घडी घालून, एक उंच दांडगा माणूस उभा होता. चेहरा हुबेहूब अण्णांचा, फक्त वर ओढल्यासारखा. मलकप्पा हे सांगावं लागलं नाही.

अण्णा त्याच्याकडे न बघता म्हाळाप्पाला म्हणाले, "आरं, ही माजी खून हाय. फुली मारली होती मी. पळनाऱ्यांनी हितनं आत जाऊ न्हाय म्हनून."

"व्हय का?" म्हाळाप्पा म्हणाला. "मग कोन गेलं का आत?"

"न्हाय."

"मग राखन केलीच की त्यानं."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. शाळेत इतकी वर्षं त्यांना असं उत्तर कुणी दिलं नसावं. "म्हाळाप्पा, दगुड हाय ह्यो. हद्दीचा. मी सोत्ता भंडारा लावला."

"तुमी लावला, खरं हाय. पर तुमाला लावाय कुनी सांगितलं? एवढ्या रानात धा दगुड हायती. ह्योच कसा घावला?"

याचं खरं उत्तर चार लोकांत, मलकप्पासमोर देण्यासारखं नव्हतं. विनय माझ्या कानात पुटपुटला, "आता हा दगड हलवून दाखवा म्हणावं कुणीतरी." तेच खरं होतं. अण्णांना तो हातभर तिकडे हवा होता, मलकप्पाला हातभर इकडे, आणि आता देव बसला होता. त्याला कोण हात लावणार? जे तलाठ्याला जमलं नव्हतं, मोजणीवाल्यांना जमलं नव्हतं, ते बाजारातल्या भंडाऱ्याच्या एका पुडीने करून टाकलं होतं.

"बरं झालं आलासा," म्हाळाप्पा म्हणाला. "आमी उद्या कळप हलवनार. देवाला नारळ द्यायचाय. दोन रानांमधला देव हाय, दोनी घरची मान्सं पायजेत. एकानं फोडायचा, एकानं पानी धरायचं. येकटा न्हाय चालत."

मेंढरं तेवढी एकसारखी बोलत होती. आम्ही सगळे घाम पुसत उभे होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या समोर तीन माणसं दगडावर बसलेली असताना त्यांनी शिट्टी वाजवली नाही. मला एकच भीती वाटत होती, की हे आता 'शब्द म्हंजे शब्द' म्हणून वळतील आणि आम्हाला नदीकडे पळवतील. मग ती बाई तशीच बाजेवर बसून राहील, आणि एखाद्या रविवारी कुत्रं भुंकेल पण मान वर होणार नाही.

अण्णांनी नारळ घेतला. शिट्टी शर्टाच्या आत टाकली. बांधाच्या अलीकडेच उकिडवं बसून नारळ बाजूच्या दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. चीरही गेली नाही. गोळाफेक शिकवलेला हा माणूस, पण तिसऱ्यांदा नारळ निसटून मेंढरांत गेला.

"द्या हिकडं," मलकप्पा म्हणाला.

एवढंच. काकूंनी नंतर हे दोन शब्द माझ्याकडून चार वेळा ऐकले. मलकप्पाने नारळ आणला आणि एका फटक्यात फोडला. अण्णांनी ओंजळ पुढे केली. पाणी ओंजळीत पडलं, थोडं शर्टाच्या बाहीत गेलं. दोघांनी ते दगडावर सोडलं. म्हाळाप्पाने दोघांच्या कपाळाला भंडारा फासला, आणि मग हाताला लागेल त्याच्या, म्हणजे आमच्याही.

मलकप्पाने नारळाची एक वाटी अण्णांच्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "अव्वा वाट बघायलीय. बा, अण्णा." बा म्हणजे कन्नडमध्ये ये. सोलापुरात त्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणत. दूधवाला म्हणे, महापालिकेचा झाडूवाला म्हणे. ज्याचे ते खरोखर थोरले भाऊ होते, त्याच्याच तोंडी तो शब्द इतकी वर्षं आला नव्हता.

अण्णा बांधापाशी उभे राहिले. त्यांनी बुटांकडे पाहिलं. पांढरेशुभ्र, कालच खडू लावलेले. मग ते खाली वाकले, नाड्या सोडल्या, एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे नीट गुंडाळून आत ठेवले आणि जोड माझ्यापुढे केला.

"म्याडम, धरा जरा. शब्द म्हंजे शब्द."

आणि अनवाणी बांध ओलांडून गेले. ज्वारीचे खुंट पायाला टोचत होते. प्रत्येक पावलाला ते हळूच "हां, हां" करत होते आणि मलकप्पा पुढे चालत खुंट पायाने आडवे करत होता. त्यांच्या मागोमाग आम्ही पूर्ण धावपळ मंडळ, रांगेत, कपाळाला भंडारा लावून. मी हातात देवाच्या पादुका धराव्यात तसे बूट धरले होते.

कुत्रं भुंकलं. अव्वाने मान वर केली, नेहमीसारखी टेकाडाकडे. तिथे कुणी नव्हतं. मग तिने समोर पाहिलं.

अण्णा जाऊन बाजेपाशी खाली बसले. अव्वाने त्यांच्या कपाळावरचा भंडारा पदराने पुसला, पाय बघितले आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मलकप्पा एकदम हसला. इतका गंभीर माणूस, हसला तर त्याला दातच दात. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा त्याने आम्हाला मराठीत सांगितलं.

"म्हनतीय, रोज पळतूस म्हनं. मग हितं यायला एवढा उशीर कसा झाला?"

अण्णांनी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. आम्ही सगळे लिंबाकडे बघू लागलो. लिंबाचं एवढं निरीक्षण मी आधी किंवा नंतर कधी केलं नाही.

त्या दिवशी आम्ही नदीला पोचलो नाही. हुलग्याचं माडगं आणि भाकरी खाऊन, मलकप्पाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परत मारुतीपाशी आलो. विनयच्या घड्याळाने ट्रॉलीतला वेग मोजला आणि आमचं अभिनंदन केलं.

नंतरच्या रविवारी विनय म्हणाला, आता वाट सरळ करू, वस्तीवरून नदी खरंच जवळ आहे. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टाचा जुळवल्या. "आन् देऊळ कोन बगनार? वळसा ऱ्हाऊ द्या. सवय झालीय पायाला." देवळापाशी त्यांनी भाषणही केलं. ते निम्म्यात आटोपलं, आणि देवळाकडे तोंड करून झालं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं, की मंडपाच्या एका खांबावर हंसांची ओळ कोरलेली आहे. "हे कवा काढलं?" असं त्यांनी आम्हालाच विचारलं.

मग ते हळूहळू सोलापुरातून कमी होत गेले. आधी शनिवारचा मुक्काम वस्तीवर पडू लागला, मग सोमवारचा. व्हरांड्यात बूट वाळत पडलेले दिसेनासे झाले. पावसाळा संपता संपता काकूंनी घराला कुलूप लावलं, माझ्याकडे तुळस दिली आणि म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, आता थोडे दिवस मला पळवायचंय त्याला." कॉलनीत फार चुकल्यासारखं होतं. गॅसच्या गाडीपाशी रांग लागत नाही, वादावादीच होते.

मंडळ अजून जातं. माझी साखर काठावरून मागे सरकली आहे. बिरोबापाशी थांबून सगळे हात जोडतात, विनयसुद्धा. गेल्या रविवारी आम्ही टेकाडावर पोचलो. नव्या दोघांना देऊळ दाखवायचं म्हणून विनयने भाषण सुरू केलं. किती जुनं, असं त्यांनी विचारल्यावर आम्ही बाकीच्यांनी एका सुरात सांगितलं, "लई." तेवढ्यात खालून शिट्टी आली. तीच, लांब. कुत्रं उठलं.

मी वळून पाहिलं. लिंबाखाली बाज होती. बाजेवर दोघं शेजारी बसली होती. अण्णा आता आमच्याकडे बघत होते, डोळ्यांवर हात धरून, आईसारखाच. शिट्टी मात्र अव्वाच्या गळ्यात होती. तिला स्वतःला ती ऐकू येत नसणार; पण तिने फुंकली की टेकाडावरची बसलेली माणसं ताडकन उठतात, हे तिला दिसत होतं, आणि ते तिला फार आवडलेलं दिसत होतं. तिने पुन्हा फुंकली. आमच्यातले दोघं खरंच पळायला लागले. तिने आणखी एकदा फुंकली.

अण्णांनी शिट्टीसाठी हात पुढे केला. तिने दिली नाही.